आईच्या रकान्यात

माझी लेक नवार सहा महिन्यांची झाली आणि मी पुन्हा कामावर जायला लागले. पहिल्याच दिवशी मी बरणीतले दात मोजले. सव्वीस होते.

ही बरणी आमच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या फळीवर असते. खार्टूमच्या एका दंतमहाविद्यालयाच्या तळमजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत, आम्ही तोंडातल्या आणि जबड्यातल्या गाठी तपासतो. येणारे बहुतेक तुकडे ओठाखाली तंबाखूची गोळी धरणाऱ्या पुरुषांचे. आमचे शिपाई जुबाराकाका त्या तुकड्यांच्या बरण्या पुसतात तेव्हा त्यांच्याही ओठाखाली गोळी असते.

“काका, निदान इथं तरी थुंकून या,” मी म्हणायची.

“यांच्यादेखत थुंकलो तर यांना काय वाटेल, तमादुर?” काका बरण्यांकडे मान करून म्हणायचे.

ती एक बरणी मात्र लहान मुलीची होती. आठ वर्षांच्या मुलीच्या खालच्या जबड्यातून काढलेली गाठ, छोट्या पेरूएवढी, आणि तिच्यात दात. तांदळाच्या कणीएवढे; पण शेंडा, मान, मूळ, सगळं असलेले पुरे दात. काही गाठीत रुतलेले, काही सुटून तळाशी पडलेले. वहीत तळाशी सुटलेल्यांची नोंद होती : सव्वीस. दुसऱ्या आठवड्यात मी मोजले तर सत्तावीस. नवारला पहिल्यांदा ताप आला त्या दिवशी अठ्ठावीस.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. मी आमचे प्रमुख डॉक्टर खिद्र यांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “फॉर्मॅलिनमध्ये मांस सैल होतं. आतले दात सुटून खाली येतात. मोजणाऱ्याला तेव्हा दिसले नसतील.”

पटण्यासारखं होतं. जुबाराकाका फडकं पिळत म्हणाले, “मी कधी मोजत नाही. मोजलं की त्यांना वाटतं, कुणीतरी आपली वाट बघतंय.”

त्या वर्षी डॉक्टरांचं सगळं लक्ष असल्याच गाठींवर होतं. चाळीस मुलं त्यांनी जमवली होती. सगळ्यांच्या गाठी खालच्या जबड्यात, सुळ्याच्या जागी. डॉक्टरांचा संशय आमच्या जुन्या चालीवर होता. बाळाला सहाव्या-आठव्या महिन्यात ताप येतो, जुलाब होतात, आणि हिरडीवर, जिथं पुढं सुळा यायचा तिथं, पांढुरकी फुगवटी दिसते. म्हाताऱ्या म्हणतात, आत किडा आहे. मग सायकलच्या चाकाची तार तापवून तो उकरून काढायचा. निघतो तो किडा नसतोच, कोवळ्या दाताचा कोंब असतो. डॉक्टरांना वाटत होतं, त्या कोंबाचा एखादा धागा आत राहिला तर त्याला कळत नाही किती दात करायचे. तो करतच राहतो.

माझं काम दोन तऱ्हांचं. मेणाच्या ठोकळ्यातून पातळ काप काढून स्लाइड करायच्या, आणि मुलांच्या आयांना विचारून फॉर्म भरायचा. नववा प्रश्न तोच होता : बाळपणी हिरडीतून काही काढलं होतं का? त्यापुढं रकाना होता, ‘आईचं उत्तर’.

एकोणचाळीस आयांनी ‘नाही’ सांगितलं होतं. काही जणी तर रागावल्या. “मी काय अडाणी आहे का, उस्ताज़ा?”

“मग माझंच चुकलं,” डॉक्टर बुधवारी म्हणाले. “एक फॉर्म राहिलाय. उद्या तो आला की लिहून टाकतो, त्या चालीचा आणि गाठींचा काही संबंध नाही.”

गुरुवारी सकाळी नवारला पुन्हा ताप होता. दोन दिवस पोट बिघडलेलं. माझा नवरा मुआविया पोर्ट सुदानला गोदीत कामाला. घरी मी, नवार आणि तिची हबूबा, म्हणजे आजी, माझ्या सासूबाई. मी रजा टाकायचं म्हणत होते. हबूबानं नवारला माझ्या हातातून घेतलं.

“रोज रोज रजा दिली तर ते तुझ्या जागी दुसरी बसवतील. मी काय पहिल्यांदा पोर सांभाळतेय? सहा वाढवलीत.”

“मीठ-साखरेचं पाणी देत राहा हं, हबूबा. दर दहा मिनिटांनी.”

“देते गं बाई. तू निर्धास्त जा.”

हबूबा हसली. मी दारापर्यंत जाऊन परत आले, नवारच्या हिरडीवरून बोट फिरवलं. खालची डावी, खालची उजवी : दोन्हीकडे फुगवटी होती, रबरासारखी. हे मी रोज करायची. का करायची ते कुणाला सांगितलं नव्हतं.

चाळिसावी मुलगी शेंदी गावाहून आली होती. रिहाम, नऊ वर्षांची, डावा गाल फुगलेला, दोन वेण्या, आणि तोंड उघडायला सांगितलं की लाजणारी. आई शाळेत शिकवणारी. सोबत तिची सासू, लुगड्यासारखा तोब डोक्यावरून घट्ट ओढून कोपऱ्यात बसलेली. मी नववा प्रश्न विचारला.

“छे!” आई म्हणाली. “आमच्यात नाही असलं काही.”

मी लिहिलं : नाही. आणि मान वर केली तर म्हातारीनं तोबचा पदर तोंडावर ओढला होता. फक्त डोळे दिसत होते, ते जमिनीकडे. मला आठवलं, मागच्या आठवड्यातल्या आजीनंही असंच केलं होतं. त्याच्या आधीचीनंही. एकोणचाळीस वेळा मी आईच्या तोंडाकडे बघत बसले, आणि कोपऱ्यातली बाई पदर ओढत राहिली.

आई मुलीला घेऊन एक्स-रे आणायला गेली. मी खुर्ची म्हातारीजवळ सरकवली.

“हाज्जा, तुम्हीच सांगा. काढलं होतं?”

“पोलिसांना कळवणार?”

“नाही. फक्त कागदावर.”

तिनं दाराकडे एकदा बघितलं. मग कुजबुजली, “काढलं होतं. जगावी म्हणून काढलं.”

“आणि हिच्या आईला माहीत नाही?”

म्हातारीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच लहान पोर. “आईला कुणी सांगतं का बाई? आई रडते. रडली की दूध कडू होतं, पोर दूध सोडतं. आईला बाजारात पाठवायचं, नदीवर पाठवायचं. तेवढ्यात उरकायचं. रक्त लगेच थांबतं, पोर झोपतं. आई येते, म्हणते, बघा कसं शांत झोपलंय.” ती किंचित हसली. “आता तर सोपं झालंय. आया नोकरीला जातात. नुसतं म्हणायचं, तू निर्धास्त जा.”

मी फॉर्म तसाच टाकून उठले.

घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. हबूबा कधीच फोन सोडत नाही, पहिल्याच घंटीला ‘कोण मेलं?’ म्हणून उचलते. मी पर्स घेतली. फळीजवळून जाताना माझी नजर गेलीच, मी मोजायची नाही असं ठरवूनही. तळाशी अठ्ठावीस. आणि बघता बघता गाठीच्या खालच्या कडेवरून एक कणी सुटली, हलकेच, गिरक्या घेत खाली आली, बाकीच्यांत जाऊन बसली.

जुबाराकाका दारात उभे होते. “बाहेर जाऊ नकोस, तमादुर. धूळ येतेय.”

भर अकरा वाजता दक्षिणेकडून तांबडी भिंत उठली होती. मी रिक्षा पकडली. ओमदुरमानच्या पुलावर चढलो तोच ती भिंत आमच्यावर आली. आधी सगळं पिवळं, मग तांबडं, मग काळं. खाली नाईल होती की नव्हती, सांगता येत नव्हतं. रिक्षावाल्यानं दिवा लावला. त्याच्या उजेडात नुसती धूळ दिसे.

“थांबतो, बाई. समोरचं दिसत नाही.”

“थांबू नका. कठड्याला धरून चला.”

“पोर आजारी आहे का?”

“हो.”

त्यानं गमछा नाकाला बांधला आणि एका पायानं कठडा चाचपत रिक्षा रेटत राहिला. मी पदर तोंडावर घट्ट धरला होता. दातांत रेती करकरत होती. रेती चाचपताना जीभ माझ्या डाव्या खालच्या फटीत गेली. तिथं मला सुळा नाही. आई म्हणते, तो आलाच नाही. सत्तावीस वर्षं मी ते खरं मानलं होतं.

घराचं दार नुसतं लोटलेलं. अंगणात पाऊल टाकलं तेव्हा अंधार विरळ होत होता; वर कुठंतरी सूर्याची तांब्याची चकती दिसायला लागली होती. कॉफीचा आणि सुंठेचा वास. तबकात दोन पेले. हबूबा एकटी कॉफी पिते तेव्हा एकच पेला काढते.

शेगडीशी बसलेली बाई मी कधी पाहिली नव्हती. बारीक, स्वच्छ, पांढरा तोब. तिच्या मांडीवर नवार. जवळ कापसाचा बोळा, आणि निखाऱ्यावर टोक ठेवलेली सायकलची तार.

“आलं ऊन,” ती बाई हबूबाला म्हणत होती. “धरा डोकं. तीन राहिलेत.”

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. नवार माझ्या हातात होती एवढं आठवतं. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती, ओठाच्या कोपऱ्यात गुलाबी लाळ. मी बोट आत घातलं. खालची उजवी फुगवटी होती. वरच्या दोन होत्या. खालच्या डावीकडे बोट खड्ड्यात गेलं.

“एकच झाला,” हबूबा म्हणाली. “मग अंधार आला. शामाहाज्जा म्हणाल्या, उजेडाशिवाय हात लावायचा नाही.”

“तू निर्धास्त जा म्हणालीस मला!”

“मग काय म्हणायला हवं होतं?” ती एकदम उसळली. “मुआवियाच्या आधी माझा उस्मान होता. असाच ताप, असेच जुलाब. सगळ्या म्हणाल्या, काढून टाक. मी रडले, काढू दिला नाही. चार दिवसांत गेला. त्यानंतरच्या सहाही जणांचे काढले. सहाही आहेत. तू मला पुस्तकातलं सांगू नकोस.”

उस्मानचं नाव त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शामाहाज्जानं तार निखाऱ्यावरून उचलली, राखेत खुपसली. तिला कसलीही घाई नव्हती. जाता जाता ती माझ्यासमोर थांबली आणि पोलिसासारखी माझ्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली.

“तुझाही डावा नाही,” ती म्हणाली. “छान काढलाय. तरी जगलीस ना?”

ती गेली. मी नवारला दवाखान्यात नेलं, दोन दिवस सलाइन लागलं, ताप उतरला. जुलाब थांबले ते औषधानं, दातानं नव्हे. पण हबूबाच्या डोळ्यांत मी बघितलं, तिच्या लेखी हे श्रेय शामाहाज्जाचं होतं.

तिसऱ्या दिवशी हबूबानं स्वतःहून काडेपेटी माझ्यापुढं ठेवली. “हे सूर्याला द्यायचं असतं. ‘याच्या बदल्यात हरिणाचा दात दे’ म्हणायचं आणि फेकायचं. त्या दिवशी सूर्यच दिसत नव्हता. नंतर... हिंमत झाली नाही.”

आत कापसावर एक मोत्यासारखा दाणा होता. वाळलेला, एका बाजूला फाटलेला.

म्हणजे बाकी सगळ्यांचे आकाशात गेले होते. कुठल्याच प्रयोगशाळेत कधी पोचले नव्हते. हा एक धुळीमुळं उरला.

मी तो आम्लात ठेवला, मऊ झाल्यावर मेणात बसवला, काप काढले. नोकरीत हजारो काढले असतील. या वेळी काचेवर लेकीचं नाव लिहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या-गुलाबी रंगात कोंब उमलला. पेशींच्या ओळी, एकमेकींना खेटून उभ्या, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगांसारख्या. एका कडेला त्या ओळी तुटलेल्या होत्या. फाटलेल्या कापडासारखी कड. पलीकडचा तुकडा स्लाइडवर नव्हता.

“तो कुठं आहे?” मी डॉक्टरांना विचारलं, उत्तर माहीत असूनही.

ते बराच वेळ भिंगातून डोळा काढेनात. “कदाचित तारेला लागून गेला असेल,” म्हणाले. “प्रत्येकाला गाठ होतेच असं नाही, तमादुर. बहुतेकांना होत नाही.” मग त्यांनी आपला लिहिलेला निष्कर्ष आडवी रेघ मारून खोडला. “फॉर्म पुन्हा भरावे लागतील. या वेळी आजीला विचारायचं. एकटीला.”

मी एक कोरा फॉर्म ओढला. नाव : नवार मुआविया. वय : आठ महिने. गाठ : नाही. पुढं डॉक्टरांच्या शिक्क्याची जागा रिकामी सोडली. नववा प्रश्न : बाळपणी हिरडीतून काही काढलं होतं का? आईच्या रकान्यात मी ‘हो’ लिहिलं. सगळ्या गठ्ठ्यात त्या रकान्यातलं ते पहिलं ‘हो’ होतं.

मग मी माझ्या आईला फोन केला आणि विचारलं, मी लहान असताना मला ताप आला होता तेव्हा तू कुठं गेली होतीस?

“बाजारात,” ती म्हणाली. “का गं?”

जुबाराकाकांनी ती बरणी आता वरच्या फळीवर, मागं ठेवली आहे. मी मोजत नाही. नवार दीड वर्षाची झाली. उजवा सुळा आला, वरचे दोन आले. मी नोकरी सोडली नाही, तिला रोज बरोबर आणते. टेबलाखाली बसून ती रिकाम्या डब्या वाजवते. आणि रोज सकाळी, तोंड धुवायच्या आधी, मी बोट तिच्या खालच्या डाव्या हिरडीवरून फिरवते. ती आता चावते, हसते, तिला हा खेळ वाटतो.

खड्डा. अजून तरी नुसता खड्डाच.