टाकीचं झाकण

"आता बगा मिस्त्री, त्या चिंचेपाशी गाडी जीव सोडती," व्यंकटी ड्रायव्हर म्हणाला आणि स्टिअरिंगवरचा एक हात काढून त्याने कपाळाला लावला.

लिंबाजी मिस्त्री मांडीवर पान्यांची पिशवी घेऊन शेजारी बसला होता. मुरुडच्या पंपावर डिझेल भरलं तेव्हापासून त्याची नजर पिशवीवरून हलली नव्हती. व्यंकटीला वाटत होतं, मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकतोय. तसा तो ऐकतही होता. पण रस्ता जसजसा ओळखीचा होत गेला तसतसा तो बाहेर बघायचं टाळत होता, आणि त्याला कारण इंजिन नव्हतं.

चिंच आली. इंजिन दोनदा खोकलं, पाण्याने भरलेला टँकर एक हिसका देऊन सरकला आणि थांबला. भर बाराची वेळ. दोन्ही बाजूंना काळं रान भेगाळून पडलं होतं, त्यात एक हिरवं पान दिसेल तर शपथ. चिंचेच्या पलीकडे बागायतदार किशनरावांची पायऱ्यांची विहीर होती. तिच्या काठावर सात दगड मांडलेले, त्यांना शेंदूर, पुढे हिरव्या बांगड्यांचे तुकडे.

"साती आसरा, पान्यातल्या बाया," व्यंकटी हलक्या आवाजात म्हणाला. "हीर आटली, पण त्या कुठं जातेल? तहानल्यात. दुसऱ्या गाड्या खुशाल जातेत, ह्याच गाडीवर त्यांचा डोळा हाय. अर्धं पाणी हिरीत सोडलं की मग जाऊ देतेत."

"आणि बोरखडीच्या वस्तीला काय नेतोस?"

"अर्ध्या पाण्यावर वस्तीत गेलं की बाया अंगावर येतेत. म्हून मी इथूनच माघारी फिरतो." व्यंकटीने मान खाली घातली. "मी तरी काय करू मिस्त्री? मलाबी लेकरंबाळं हायेत."

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, साहेबांच्या खुर्च्यासुद्धा नव्या. पण टँकरच्या वर्कशॉपला मिळाला होता जुन्या गोदामाचा पत्रा, आणि गाड्यांच्या दारांवर नव्या रंगाखालून उस्मानाबादची जुनी अक्षरं अजून डोकं वर काढत होती. त्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हा टँकर. वर्कशॉपात उभा असला की दिवसभर बिनतक्रार चालायचा, आणि बोरखडीच्या वाटेला लागला की चिंचेपाशी मरायचा. तीन मिस्त्री झाले. एकाने फिल्टर बदलले, दुसऱ्याने पंप उतरवला, तिसऱ्याने नारळ फोडला.

उरला लिंबाजी. डिझेल कुठून गळतंय ते त्याला वासावरून कळतं, अशी त्याची ख्याती होती. पण बोरखडीचं नाव निघालं की या पठ्ठ्याला नेमकी कणकण यायची. दोनदा आली. तिसऱ्यांदा त्याची थोरली बहीण सरजाबाई एसटीने लातूरला आली, रिकामी घागर घेऊन. वर्कशॉपच्या दारात ती घागर तिने उपडी मांडली आणि तिच्यावरच बसली.

"नऊ दिवसांत दोनदा पानी आलं, तेबी दुसऱ्या गाडीनं," ती म्हणाली. "तुजा सायेब म्हनतोय, गाडी सुदरली न्हाई तर बोरखडीची फेरी बंद. वस्तीतली लेकरं डबक्यातलं पिऊन राहिलीत, लिंबाजी. चौदा वर्षं झाली. आता तरी ये."

मग मात्र कणकण आली नाही.

लिंबाजी खाली उतरला. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. आणि मग त्याला ते ऐकू आलं.

बारीक, लांबवर चाललेलं रडणं. नाकातून निघाल्यासारखं, दम न घेता. लहान पोर मार खाऊन कोपऱ्यात बसून रडतं, तसं.

"ऐकलं का?" व्यंकटी केबिनमधूनच म्हणाला. तो उतरला नव्हता. "रोज रडती. एक मोठी बाई असंल असं वाटायचं आधी. पर गावातले म्हनतेत, आसरांनी एक पोरगी नेली होती बहात्तर साली. ती रडती."

लिंबाजीने टँकरच्या चाकावर हात टेकला.

ती पोरगी पंचफुला. अकरा वर्षांची. त्याची.

बहात्तरच्या दुष्काळातही ही विहीर तळाशी पुरुषभर पाणी धरून होती. किशनरावांचं तेलावरचं इंजिन बंद पडलं होतं, आणि ते दुरुस्त करायला लिंबाजीला बोलावलं होतं. इतर दिवशी त्या पायऱ्या वस्तीतल्या लेकरांसाठी नव्हत्या. पण इंजिन बंद पडलं की मिस्त्री चालायचा, आणि मिस्त्रीची पोरगीही चालायची. पंपाने हवा धरली होती, वरून पाणी ओतल्याशिवाय तो खालचं पाणी उचलणार नव्हता. लिंबाजीचे दोन्ही हात ग्रीसमध्ये होते. "फुला, जा, तांब्याभर पानी आन," तो म्हणाला. मान वर करूनही पाहिलं नाही. तळाच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं.

तांब्या वाजल्याचा आवाज त्याने ऐकला होता. त्याला वाटलं, भरतेय. ती पाय घसरून पाण्यात गेली होती.

लोक म्हणाले, आसरांनी नेली. त्याच्या बापाने छप्पन साली बौद्ध धर्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव एका टोपलीत घालून मांजरा नदीत सोडले होते, आणि त्यानंतर त्या घरात भुताखेताचं नाव कुणी काढलं नव्हतं. लिंबाजीने कुणाशी वाद घातला नाही. तिला खाली कुणी पाठवलं ते त्याला पक्कं माहीत होतं. त्याने गाव सोडलं. दोन वर्षांनी बायकोही गेली. तेव्हापासून तो इंजिनांचेच आवाज ऐकत आला होता, कारण त्या प्रत्येक आवाजाला काहीतरी कारण असतं.

"मिस्त्री, सोडू का पानी?" व्यंकटीने विचारलं.

"थांब," लिंबाजी म्हणाला. "कारन असंल काहीतरी."

त्याने पिशवीतून राखेची पुरचुंडी काढली. ही त्याची जुनी रीत. टाकीपासून पंपापर्यंत प्रत्येक सांध्यावर कोरडी राख भुरभुरायची. डिझेलचा थेंब जरी पाझरत असला तरी राख तिथे काळी पडते. तो टँकरखाली उताणा सरकला, जोड न् जोड पाहिला. राख पांढरीच राहिली. बाहेर गळत नाही, म्हणजे कदाचित कुठून तरी आत हवा घेत असेल. त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारला. हवा असती तर फेस आला असता. फेस नाही आणि डिझेलही नाही. हातपंप आतल्या आत कुणीतरी ओढून धरल्यासारखा घट्ट झाला होता.

व्यंकटी वरून बघत होता. "धरून ठिवलंय ना? मी काय म्हनलं?"

रडणं चालूच होतं. लिंबाजीला कळत नव्हतं ते कुठून येतंय. विहिरीकडे तोंड केलं की विहिरीतून, पाठ केली की पाठीमागून. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं की बाप चुकला असेल, आपण चुकलो असू. ती खरंच इथे बसून असेल, आपल्याला हाक मारत असेल, आणि आपण कणकणीचं सोंग घेऊन लातूरला लपलो असू. तो विहिरीच्या काठापर्यंत गेला. पायऱ्या तशाच होत्या. तळाशी सुकलेला गाळ, आणि व्यंकटीने काल सोडलेल्या पाण्याचा ओला डाग.

"फुला," तो म्हणाला. स्वतःलाही नीट ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

मागे टँकरमध्ये ठप् असा आवाज झाला. पत्र्याच्या दारावर कुणी आतून थाप मारावी तसा.

व्यंकटी केबिनच्या दुसऱ्या टोकाला सरकला. "रोज वाजतंय मिस्त्री. चला, पानी सोडू आन् माघारी जाऊ."

लिंबाजी वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कान मिस्त्रीचे होते. ठप् हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. आत दबलेला पत्रा परत फुगतो तेव्हा असाच बोलतो. तो डिझेलच्या टाकीपाशी गेला आणि टाकीच्या कुशीला तळहात लावला. पत्रा आत ओढला गेला होता, उपाशी माणसाच्या पोटासारखा. त्याने टाकीच्या झाकणाला कान लावला.

रडणं तिथे होतं.

झाकणावर बोटभर शेंदूर थापलेला होता. तेलात कालवलेला, थरावर थर, उन्हाने कडक झालेला.

"हे कुनी केलं?"

"मीच की. दसऱ्याला गाडी पुजली. टाकी म्हंजी गाडीचं पोट, म्हून तिथं लावला. मग गाडी बंद पडाय लागली, तसा दर अमावस्येला चढवत गेलो."

लिंबाजी बराच वेळ तसाच कान लावून उभा राहिला. सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं. टाकीतून जेवढं डिझेल इंजिनात जातं तेवढी हवा आत यावी लागते, आणि ती येते झाकणाच्या बारीक छिद्रातून. ते छिद्र शेंदराने बुजलं होतं. मुरुडच्या पंपावर झाकण उघडलं की टाकी श्वास घ्यायची. तिथून सतरा किलोमीटर तो श्वास पुरायचा. चिंचेपाशी संपायचा. मग शेंदराच्या एका चिरेतून केसाएवढी हवा आत शिरायची आणि त्या चिरेतून वाजायची. व्यंकटी पाणी सोडेपर्यंत टाकी हवेने भरून यायची, रडणं थांबायचं, गाडी चालू व्हायची. आसरा समाधान पावल्या असं त्याला वाटायचं, आणि तो आणखी शेंदूर लावायचा.

आता फक्त झाकण फिरवायचं होतं. लिंबाजीचा हात फिरेना. अजून थोडा वेळ ऐकावं असं त्याला वाटत होतं. कारण सापडलं तरी तो आवाज तिच्यासारखाच होता. पण दोन किलोमीटरवर आक्का आणि वस्तीतली लेकरं रिकाम्या घागरींपाशी बसली होती.

त्याने झाकण फिरवलं. टाकीने मोठा सुस्कारा घेतला. ठप्, ठप् असा दोनदा पत्रा वाजला आणि सगळं शांत झालं.

का कुणास ठाऊक, त्याने झाकण पुन्हा लावलं आणि त्यावर कान टेकला. काहीच नव्हतं. होणारही नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मग त्याने खिळ्याने शेंदूर खरवडला, छिद्रातून तार आरपार घातली आणि हातपंपाने पाइपातली हवा काढली.

"चालव," तो म्हणाला.

पहिल्याच सेल्फला इंजिन घुमलं. व्यंकटीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. देवाचा शेंदूर खरवडला म्हणून भ्यावं की गाडी सुरू झाली म्हणून हसावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

वस्तीत टँकर पोचला तेव्हा आधी कुणी उठलंच नाही. त्यांना वाटलं, वाट चुकून आला असेल. मग मात्र घागरींचा एकच गलका झाला. सरजाबाई सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली. आपली घागर भरल्यावर तिने तांब्या बुडवला आणि भावापुढे धरला.

"पी. किती वाळलास."

लिंबाजीने तांब्या हातात घेतला, पण प्यायला नाही. "आक्का, तांब्या घेऊन जाऊ का? पुढल्या फेरीला व्यंकटी आनून दील."

सरजाबाईने त्याच्याकडे पाहिलं. विहिरीच्या वाटेकडे पाहिलं. पदर तोंडाशी नेला आणि मानेनेच हो म्हणाली.

परतीच्या वाटेवर रिकामा टँकर खडखडत निघाला. लिंबाजीने तांब्यावर तळहात झाकून धरला होता. चिंच दिसली तशी व्यंकटीने सवयीने जीव मुठीत धरला, पण गाडी थांबली नाही. इंजिन एका सुरात चाललं होतं.

"थांबव," लिंबाजी म्हणाला.

"आता कशाला, मिस्त्री? कारन तर सापडलं."

"गाडीचं सापडलं."

व्यंकटीने गाडी बंद केली. लिंबाजी उतरला, सात दगडांना वळसा घालून काठाशी गेला आणि पायऱ्या उतरू लागला. एकेक पायरी, भिंतीला हात धरून, तांब्यातलं पाणी सांडू न देता. तळाच्या पायरीवर, जिथे तेव्हा शेवाळ होतं, तिथे तो बसला. तांब्याभर पाणी त्याने त्या कोरड्या दगडावर हळूहळू ओतलं, आणि दगडाने ते पिऊन टाकेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

वर आल्यावर त्याने खिशातला कपडा काढला आणि हात पुसले. ग्रीस काही निघालं नाही.

"चल," तो म्हणाला.