कोंडीबाची मूठ

"आई, त्या दिवशी पौर्णिमा आहे गं." धर्मपालनं कॅलेंडरचं पान हातातून सोडलं आणि तिथंच फ्रीजला टेकून उभा राहिला.

नागूबाई शेंगा सोलत होती. "मग? म्हैन्याला येतीच की ती."

"त्याच दिवशी कार्यक्रम धरलाय मी."

तिचा हात थांबला. एकोणचाळीस वर्षं ती पौर्णिमेला अष्टशील पाळत आली होती. पांढरं लुगडं, बाराच्या आत जेवण, आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत गाणं-बजावणं कानावर घ्यायचं नाही. विहारातल्या बायका तिला विचारून तारखा धरत, आणि पोटच्या लेकानं साधं कॅलेंडर पाहिलं नव्हतं.

धर्मपाल शाळेतून संगीतशिक्षक म्हणून निवृत्त झालेला. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट अशा वाद्यांसाठी तो मोठमोठ्या रचना लिहायचा. त्या पुण्यात वाजल्या, एकदा जर्मनीतही. सोलापुरात मात्र गल्ली त्याला 'पेटीवाले सर' म्हणायची. इथं त्याची रचना पहिल्यांदाच होणार होती. पुण्याच्या आठ वादकांना तेवढाच दिवस मोकळा होता. सकाळी येणार, कार्यक्रम उरकून परतणार.

"आज्जी, एक पौर्णिमा सोड की," नात प्रतिक्षा म्हणाली. "बुद्ध काय हजेरी घेतोय व्हय?"

"त्यो कशाला घील? माझी मीच घेती."

धर्मपालनं लेकीला डोळ्यांनीच गप्प केलं. त्याला आईकडून शाबासकी नको होती. एक गोष्ट विचारायची होती, आणि ती सांगणारं आईशिवाय आता कुणी उरलं नव्हतं.

त्याचा आजा कोंडीबा मोडनिंबला हलगी वाजवायचा. लग्न असो, मयत असो, गावानं हाक मारली की जायचं आणि दाराबाहेर उभं राहून वाजवायचं. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यानं हलगी सोडली ती सोडलीच. पण सांजचं ओट्यावर बसला की बोटं आपसूक मांडीवर चालू लागत. ध्यानात आलं की तो मूठ मिटायचा, आणि ती बराच वेळ मिटलेलीच असायची. धर्मपालनं ते लहानपणी पाहिलेलं. नागूबाईनं सून म्हणून बावीस वर्षं. रचना त्या मिटल्या मुठीचीच होती. आठ वाद्यांतून फिरणारा तो ठेका, आणि ऐन भरात स्वरलिपीतले चार रकाने मोकळे, तिथं कुणीच वाजवायचं नाही. किती रकाने मोकळे सोडायचे, हे त्यानं अकरा वेळा बदललं होतं.

कार्यक्रम झाला. वाद्यं थांबली तशी लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या. वादक गज उचलून तसेच ताटकळले. पहिल्या रांगेत धर्मपाल मान खाली घालून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागूबाईनं वंदना केली, हिरवं लुगडं नेसली, कानात यंत्र बसवलं. प्रतिक्षानं मोबाइल पुढं केला. "सगळं रेकॉर्ड केलंय बघ."

नागूबाईनं जरा वेळ ऐकलं. "पत्र्यावर वाळू पडल्यावानी वाजतंय. बंद कर, बाय. धर्मा, तूच दाव मला."

तो कागदांचं बाड घेऊन तिच्याजवळ खाली बसला. पान उघडून फरशीवर बोटांनी ठेका धरला. तिची नजर त्याच्या बोटांवर होती. मोकळ्या रकान्यांपाशी त्याचा हात थांबला.

"हितं टाळ्या वाजवल्या लोकांनी. पार बिघडलं बघ, आई."

"मामंजींस्नी जल्मात कुणी टाळी दिली न्हाय. पडू देत की." तिनं फरशीकडं बोट केलं. "पुन्यांदा दाव."

बोटं पुन्हा चालली आणि थांबली. नागूबाईनं गुडघ्यावर हात ठेवून मूठ मिटली. बाहेर भंगारवाला हाका घालत गेला. धर्मपालनं मनात चार रकाने मोजले आणि पुढचा ठेका धरला. तिची मूठ मिटलेलीच होती.

तो थांबला. भंगारवाल्याची हाक पार कोपऱ्यापर्यंत गेली. तेव्हा कुठं तिची बोटं एकेक करून उघडली.

धर्मपालनं पेन्सिल घेतली, आणि चाराच्या पुढं आणखी तीन मोकळे रकाने आखले.