दिवसा लागणारी कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या दाराला आतून बसवलेली. लोहाराने मला ठोकून घडवले, तेव्हापासून वीस वर्षे मी फक्त झोपायच्या वेळी लागत असे. दिवसभर दार सताड उघडे, कपडे घेऊन येणाऱ्या बायकांची सतत ये-जा.

मग समोरच्या खोलीत लढाईतून जीव वाचवून आलेले एक कुटुंब सरकारने आणून ठेवले. नवरा, बायको आणि लहान मुलगी. वरच्या मजल्यावरचे मास्तर मावशींना म्हणाले, "कडी लावून बसत जा. कोण कुठले लोक, काय सांगावं?"

तेव्हापासून मी दिवसाही लागू लागले. जिन्यात पाऊल वाजले की मावशी मला चाचपून बघत. मीही भ्यायले होते. समोरची कडीसुद्धा दिवसभर लागलेलीच असे. कुठे दार आपटले की तिकडे रडणारी मुलगी एकदम गप्प होई.

एका दुपारी शिलाई यंत्र मध्येच थांबले आणि मावशी धाडकन पडल्या. त्यांचे कण्हणे ऐकून समोरची बाई दार वाजवू लागली. "मावशी, उघडा." मी आपली आपण कशी उघडणार? तिचा नवरा धावत वर गेला, मास्तरांचे दार बडवून परत आला. तिथे कुणी उघडले नाही.

"आमचं दार असंच फोडलं होतं," तो बाहेर पुटपुटला. "माझ्याच्यानं नाही होणार."

"आत माणूस आहे," बायको म्हणाली. "फोडा."

तिसऱ्या धक्क्याला माझे स्क्रू उचकटले आणि मी जमिनीवर पडले. बाईने मावशींचे डोके मांडीवर घेऊन त्यांना साखरपाणी पाजले. तेवढ्यात मास्तर खाली आले. ते घरातच होते. भीतीने दार उघडले नव्हते. मोडलेले दार पाहून त्यांनी नवऱ्याची कॉलर धरली. त्याने नुसते दोन्ही हात वर केले. आता याचे काही खरे नाही, असे मला वाटले.

"सोडा त्याला," मावशी क्षीण आवाजात म्हणाल्या. "माझी साखर उतरली होती. हे आले म्हणून वाचले."

मास्तरांनी हात काढला आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या त्या नवऱ्यानेच मला पुन्हा बसवले. मास्तर दार धरून उभे होते. पाऊल वाजले की मावशी अजून दचकतात. भीती काही एका दिवसात जात नाही.

मित्रांनो, मला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, रात्री खुशाल लावा. पण कुणी दार वाजवले तर गप्प बसू नका. निदान आतून "कोण आहे?" एवढे तरी विचारा.