जबानीतली आई

संयोगिता इंगवल्यांकडं कुणी रडत आलं की त्या आधी कागद मागायच्या. रडण्याचं भाषांतर होत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. कसबा बावड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यांनी बावीस वर्षं कोर्टाचे मराठी कागद इंग्रजीत केले. खून केले, फारकती केल्या, बांध कोरल्याचे दावे तर इतके केले की तेवढ्या बांधांत अर्धा जिल्हा कोरून झाला असता. एकाही पक्षकाराचं पुढं काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. कागद आला, कागद गेला. बाकी ज्याचं त्याच्यापाशी.

पूर्वी हायकोर्ट म्हणजे मुंबई. हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात बसायला लागलं आणि ताईंच्या टेबलावर फायलींचा ढीग लागला. पक्षकारांचा घोळ वेगळाच. जुन्या इमारतीत वरचं कोर्ट आणि बावड्याच्या नव्या इमारतीत खालचं, हे काही केल्या लोकांच्या डोक्यात शिरेना. हायकोर्टाची तारीख घेऊन माणसं बावड्यात यायची, तासभर व्हरांड्यात बसायची आणि मग ताईंच्या दारात येऊन पाणी मागायची. ताई पाणी द्यायच्या आणि ऐकवायच्याही. तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार बोलतो, जिल्ह्याच्या कोर्टात वकील बोलतो आणि हायकोर्टात कागद बोलतो. तुम्ही आता कागद झालात, तेव्हा रिक्षा करा आणि सीपीआरला जा.

नेसरीच्या पवित्राबाई सोमवारी सकाळी आल्या त्या मात्र योग्य ठिकाणीच आल्या. वकील विश्वजित घाटग्यांनी त्यांना पाठवलं होतं. त्यांच्या फायलीतल्या एका जबानीची झेरॉक्स पुसट आली होती, म्हणून ताईंनीच सहीशिक्क्याची नक्कल मागवलेली. पवित्राबाई पंचेचाळिशीच्या, हातांना मिरचीचा वास. नेसरीच्या पेठेत दोन खोल्या, त्यात मिरची कांडपाचं मशीन, मागं चूल. दावा त्या दोन खोल्यांचाच होता.

दावा असा. खोल्या निंगव्वा नावाच्या म्हातारीच्या. पवित्रा तिच्या बहिणीची नात, लहानपणापासून तिच्याकडं वाढलेली. म्हातारीचं शेवटचं सगळं पवित्रानंच केलं, आणि म्हातारीनं मृत्युपत्र करून खोल्या तिला दिल्या. निंगव्वाचा सख्खा नातू मल्लेश. त्यानं ताब्याचा दावा लावला. म्हणाला, मृत्युपत्र खोटं, अंगठा आजीचा नव्हेच. अंगठा इतका पुसट की तज्ज्ञानंही हात वर केले. मग राहिले मृत्युपत्राचे दोन साक्षीदार. त्यातले सिद्धाप्पा पाटील साक्षीआधीच वारले. उरल्या गौराबाई, मल्लेशची सख्खी थोरली बहीण. गडहिंग्लजला दिलेल्या. भावाच्या विरुद्ध साक्षीला उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याच जबानीवर पवित्रा दावा हरली. जिल्हा न्यायाधीशांपुढंही हरली. आता सतरा तारखेला बेलिफ ताबा घ्यायला येणार होता. हायकोर्टानं त्याआधी थांबवलं तर थांबवलं.

"ऐन वक्ताला भावाकडनं फिरली," पवित्रा म्हणाली. "वकिलानं सांगितलं मला. सहा वर्सं झाली, मी तिचं तोंड बघितलं न्हाई. माझ्या नंदंच्या लग्नात समोर आलीवती, मी ताट टाकून उठलो."

"नक्कल आणा इकडं," ताई म्हणाल्या.

भाषांतर तसं झालेलंच होतं. पुसट ओळी तेवढ्या ताडून बघायच्या. ताईंना ताडताना मोठ्यानं वाचायची सवय. समोर पक्षकार बसलेला असो नाहीतर मांजर, त्यांना फरक पडायचा नाही.

"'मी समक्ष हजर होते,'" त्यांनी वाचलं. "'आईने माझ्यासमोर अंगठा उठवला. त्यानंतर मी सही केली. अव्वा त्यावेळी मळ्यात गेली होती. आईला वाचून दाखवण्यात आले...'"

"मग बरोबरच हाय की," पवित्रा म्हणाली.

"काय बरोबर आहे?"

"आईनंच उठवला की अंगठा. मी चहा ठेवलावता तवा."

ताईंनी चष्मा काढला. "अहो बाई, तुमचा दावा ह्याच वाक्यावर बुडालाय. मृत्युपत्र निंगव्वाचं. साक्षीदार म्हणते, अंगठा माझ्या आईनं उठवला. म्हणजे निंगव्वाच्या सुनेनं. कोर्टानं काय करायचं मग?"

पवित्रा पुढं सरकून बसली. मग एखाद्या लहान पोराला सांगावं तसं सांगू लागली. "म्याडम, आई म्हंजे आई. थोरली. बापाची आई. निंगव्वा. आमच्यात आजीला आईच म्हंत्यात. जन्म देती ती अव्वा."

ताईंनी चष्मा परत चढवला. त्यांनी आपल्या भाषांतरात बघितलं. 'आई'चं त्यांनी मदर केलं होतं. ते कुणीही केलं असतं. पण पुढच्या ओळीत त्यांनी टाइप केलेलं होतं, अव्वा नावाची एक बाई मळ्यात गेली होती. नावाची! हे त्यांनी आपल्या मनानं घातलेलं. बावीस वर्षांत एक शब्द पदरचा घातला नाही म्हणून मिरवणाऱ्या बाईनं. कुणी तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना.

त्यांनी घाईघाईनं निकालपत्र ओढलं. तिथंही तेच. 'अव्वा नावाच्या स्त्रीला प्रतिवादीने साक्षीस बोलावलेले नाही. ती घटनेच्या दिवशी गावात असूनही तिची साक्ष न घेणे संशयास्पद आहे.' जिल्हा कोर्टानं तोच परिच्छेद उचलून जसाच्या तसा डकवलेला. म्हणजे गौराबाईंच्या जन्मदात्या आईचे ह्या दाव्यात दोन तुकडे झालेले. एक तुकडा अंगठा उठवतोय, दुसरा मळ्यात गेलाय, आणि दोन कोर्टं त्या मळ्यातल्या बाईची वाट बघत बसली आहेत. बरं, स्वतःच्याच पोराची खोली जाईल असा अंगठा मल्लेशची आई कशाला उठवेल, हा साधा प्रश्न, तोही कुणाला पडू नये?

"उलटतपासात विचारलं होतं की," ताई पान उलटत म्हणाल्या. "'हे म्हणणे खरे आहे की, अंगठा उठवणारी ती माझी आईच होती.' बघा. आणखी घट्ट केलं बाईंनी."

"खरं इचारलं, खरं सांगितलं," पवित्रा म्हणाली.

जबानी घेणारे न्यायाधीश विदर्भातनं बदलून आलेले. पवित्राचा वकील सावंतवाडीकडचा. टंकलेखक साताऱ्याचा. पवित्रा त्या दिवशी नेसरीतच राहिलेली, म्हणून कोर्टात कर्नाटक सीमेकडची माणसं दोनच. एक पिंजऱ्यात उभी होती, आणि दुसरा मल्लेश. मल्लेशला काय कळलं नसेल? सगळं कळलं होतं. तो गप्प बसला, आणि गप्प बसणाऱ्याची जबानी कुणी लिहून घेत नाही.

"तुम्ही ही जबानी कधी वाचली नाही?" ताईंनी विचारलं.

"आमाला कोण दावतंय? फाइल वकिलाकडं."

"आणि गौराबाई काय म्हणाल्या?"

"मी खरं तेच बोललो, म्हणायची. दारात यिऊन म्हणायची." पवित्रानं नक्कल हातात घेतली आणि ती ओळ बोटानं शोधली. बराच वेळ बोट तिथंच होतं. "मी आतनं कडी लावायची."

संध्याकाळी ताई विश्वजित घाटग्यांच्या ऑफिसात गेल्या. विश्वजित पस्तिशीचा, हुशार, पण कायम घाईत. त्यानं नवं भाषांतर चाळलं. 'आई' आणि 'अव्वा' हे दोन्ही शब्द ताईंनी जसेच्या तसे ठेवले होते आणि तळाला टीप दिली होती, की साक्षीदाराच्या बोलीत पहिल्याचा अर्थ आजी आणि दुसऱ्याचा आई.

"ताई, टीप काढा," तो म्हणाला. "तुम्ही भाषांतरकार. तुम्हाला साक्ष द्यायला कुणी बोलावलंय? समोरचा वकील मला सोलून काढेल. आणि हायकोर्टात नवं काही सांगता येत नाही. काय घडलं, हे खालच्या दोन कोर्टांनी ठरवलं की ते ठरलं. दुसऱ्या अपिलात फक्त कायद्याचा प्रश्न."

"टीप काढते," ताई म्हणाल्या. "शब्द नाही काढणार. कागदात जे आहे ते आहे. आता तुम्ही ह्या दोन ओळी एकाखाली एक वाचा, आणि मग निकालातला परिच्छेद वाचा."

विश्वजितनं वाचलं. परत वाचलं. मग उठून दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून नीट बसला.

"म्हणजे हे रेकॉर्डवरच आहे," तो म्हणाला. "नवा पुरावा नकोच. साक्षीदारानं एकाच दमात दोन वेगळ्या बायका सांगितल्यात, एक घरात, एक मळ्यात, आणि कोर्टानं नात्याचं नाव विशेषनाम म्हणून वाचलंय."

"मीही वाचलं होतं," ताई म्हणाल्या. हे सांगायची काही गरज नव्हती, पण त्यांना राहवलं नाही.

तारीख लागली पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची. संयोगिताताई बावीस वर्षांत पहिल्यांदा आपला कागद कोर्टात कसा वाचला जातो ते बघायला गेल्या. का गेल्या, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. मागच्या बाकावर पवित्रा आधीच येऊन बसली होती, पदर घट्ट ओढून. बोर्डावर नंबर त्रेचाळीस. दुपारच्या सुट्टीनंतर पुकारा झाला.

सगळं इंग्रजीत. ताई पवित्राच्या कानाशी लागून सांगत राहिल्या. आता आपले वकील उभे राहिले. आता मल्लेशचे वकील म्हणतायत, दोन कोर्टांचा एकमतानं निकाल आहे, यात हायकोर्टानं हात घालू नये. आता न्यायमूर्ती कागद बघतायत.

न्यायमूर्तींनी मान वर केली आणि मल्लेशच्या वकिलांना विचारलं, "ही अव्वा कोण?"

"गावातली एक बाई, माय लॉर्ड. तिला तपासलेलं नाही."

"तिचं आडनाव? वय? नवऱ्याचं नाव?"

वकिलांनी फाइल उलटली. मागं बसलेल्या मल्लेशकडं वळून बघितलं. मल्लेश फरशीकडं बघत होता. "रेकॉर्डवर दिसत नाही, माय लॉर्ड," ते म्हणाले.

विश्वजितनं सांगितलं ते दोन मिनिटांत सांगितलं. न्यायमूर्ती जरा हसले. "मिस्टर घाटगे, हा कायद्याचा प्रश्न आहे की कानडीचा?"

"पुरावा कमी-जास्त तोलला असता, तर मला इथं उभं राहता आलं नसतं, माय लॉर्ड. इथं पुरावा वाचलाच गेलेला नाही. म्हणून कायद्याचा."

न्यायमूर्तींनी फाइल मिटली. मग त्यांनी लघुलेखकाला सांगायला सुरुवात केली. अपील दाखल. साक्षीदाराच्या जबानीचा चुकीचा अर्थ लावल्यानं निकाल दूषित झाला आहे काय, हा प्रश्न विचारार्थ. अपिलाचा निकाल लागेपर्यंत ताब्याच्या कारवाईस स्थगिती. पुढचा पुकारा झालासुद्धा.

"जिंकलो?" पवित्रानं विचारलं.

"नाही. बेलिफ येणार नाही. निकाल व्हायला वर्षं जातील. तोवर खोल्या तुमच्याकडं."

बाहेर पायऱ्यांवर विश्वजित भेटला, खुशीत होता, चहा घेऊया म्हणाला, आणि तेवढ्यात दुसऱ्या पक्षकारानं त्याला ओढून नेलं. पवित्रा फाटकापाशी थांबली. तिनं पिशवीतनं मोबाइल काढला, नंबर लावला. सीपीआरसमोरच्या गाड्यांच्या गोंगाटात ऐकू येईना, म्हणून स्पीकर लावला. ताईंना बाजूला व्हायचं होतं, पण पवित्रानं त्यांचा दंड धरून ठेवला होता.

"अक्का, मी पवित्रा."

पवित्रानं फोन तोंडाजवळ धरला.

"अक्का, हायकोर्टानं तुझी जबानी वाचली. तू खरं बोललीवतीस. कोर्टानं स्टे दिला."

"मी खरं बोललो, ते मला म्हाईत हाय," गौराबाईंचा आवाज आला. शांत होता. "तुला कवा कळलं?"

पवित्रानं ताईंकडं बघितलं. खोटं बोलायचं म्हटलं तरी जमलं नसतं. "म्हागल्या आठवड्यात, सोमवारी."

"आज बेस्तरवार. दहा दिस झालं." गौराबाई म्हणाल्या. "दहा दिस कुणाची वाट बघत हुतीस?"

"कोर्टाची," पवित्रा म्हणाली.

फोन बंद झाला. पवित्रानं तो पिशवीत टाकला, तोंडावरनं पदर फिरवला आणि ताईंचा दंड सोडला. त्या दंडावर तिची बोटं उठली होती. स्टे मिळालेल्या माणसासारखी ती दिसत नव्हती.

"नेसरीची गाडी गडहिंग्लजवरनंच जाती," ती म्हणाली. "तितंच उतरतो. दार उघडंल न उघडंल, पायरीवर बसतो."