आवाज बंद करणारं बोट

मी चार नंबरच्या खाटेजवळचा मॉनिटर बोलतोय. मोठ्यानं बोलतोय, कारण एकदा माझं तोंड दाबलं गेलं आणि त्यात एक बाई गेली. तो मृत्यू मग भलत्याच बाईच्या माथी मारला. त्याचा सूड मी घेतला. कसा, ते ऐका.

कर्नाटकात, गदगच्या पलीकडे एका तालुक्याच्या गावी आमचं सरकारी रुग्णालय आहे. खोक्यातून बाहेर काढल्यावर माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, डोक्यावर लिंबू ठेवलं आणि मला बायकांच्या वॉर्डात भिंतीला टांगलं. सिस्टर नीलव्वा मडिवाळर हाताची घडी घालून बघत होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी छातीवर अडकवलेल्या घड्याळावर नाड्या मोजल्या होत्या.

"आता हा डबा मला शिकवणार?" त्या म्हणाल्या.

आठवड्यातच साप चावलेली एक मजूर बाई चार नंबरवर आली. तिच्या रक्तातला प्राणवायू घसरला तसा मी ओरडलो. नीलव्वा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून धावत आल्या आणि बाई वाचली. संध्याकाळी त्यांनी माझी काच रुमालानं पुसली. "डबा नाहीस रे तू," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून सगळ्यांत अवघड बाई माझ्याजवळ ठेवायची, असा रिवाज पडला. चाळीस खाटांना दोन सिस्टर. मी पहारा द्यायचो, म्हणून त्यांना निदान बसून ज्वारीची भाकरी खाता यायची आणि बाकीच्या बायकांकडेही बघता यायचं.

माझ्या आवाजाचा राग एकाच माणसाला होता. मुख्य डॉक्टर चिदानंद अंगडी. वॉर्डात फेरीला आले, की बोलता बोलता, माझ्याकडे न बघताच, ते हात लांब करायचे आणि चार आकडे दाबायचे. टक टक टक टक. मी मुका. तो कोड फक्त मुख्य डॉक्टरांकडे असायचा.

"सर, आवाज परत लावा," नीलव्वा दरवेळी आठवण करायच्या.

"लावतो हो. तुम्हाला काय, भजन ऐकायचंय?"

मग हनुमव्वा आली. बसस्टँडवर मिरची-भजी तळणारी, जिभेची तिखट. सकाळी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच तिनं मला न्याहाळलं.

"अक्का, तुमच्या टीव्हीवर नुसत्या रेघाच? सिनेमा कधी लागणार?"

"रेघा आहेत तोवर बरं आहे, अव्वा," नीलव्वा हसून म्हणाल्या. हनुमव्वाची मुलगी रेणुकाही हसली.

त्याच दुपारी बेंगळुरूहून तपासणीचं पथक यायचं होतं. त्यांच्या कागदात 'वॉर्डातील शांतता' असा एक रकाना होता. दोन अठ्ठावन्नला अंगडींनी माझे चार आकडे दाबले.

"सर, आजच ऑपरेशन झालंय तिचं. राहू द्या की आवाज."

"पथक गेलं की लावू. तुम्ही दोघी दारात उभ्या राहा, गुलाब घेऊन. आणि नातेवाइकांना बाहेर काढा."

तीन बेचाळीसला हनुमव्वाचा प्राणवायू घसरू लागला. मी लाल झालो, लखलखलो. बघायला कोण होतं? अकरा मिनिटं मी मुक्यानं आकांत केला. बाहेर टाळ्या वाजत होत्या. तीन त्रेपन्नला माझी रेघ सरळ झाली.

अंगडींनी अहवालात लिहिलं: 'यंत्र वाजत होते. सिस्टर जागेवर नव्हत्या.' माझ्या नावावर खोटं! नीलव्वांना घरी बसवलं. फाटकाशी रेणुका त्यांना आडवी आली.

"माझी आई मरत होती तेव्हा तू गुलाब हुंगत होतीस ना गं?"

नीलव्वांनी मान खाली घातली. आणि मला? माझ्या नोंदी कुणी बघू नयेत म्हणून 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावून कोठीत टाकलं. मोडक्या सलाईनच्या स्टँडांमध्ये मी दोन महिने धूळ खाल्ली आणि प्रत्येक मिनिटाची नोंद दातांखाली धरून ठेवली.

चौकशीला जिल्ह्याहून बेटगेरी मॅडम आल्या. रेणुकाही येऊन बसली. नीलव्वांनी एकच मागणी केली, "त्या यंत्राला आणा. ते कुणाची भीड धरत नाही."

हुबळीचा मेकॅनिक महबूब नदाफ यानं मला टेबलावर ठेवून पोटातल्या नोंदी काढल्या. दोन अठ्ठावन्नला आवाज बंद, कोड वापरून.

"म्हणजे यंत्र वाजतच नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

अंगडी डगमगले नाहीत. "मग सिस्टरांनीच बंद केलं असणार. कोड त्यांच्याकडे असतो. मला तर ते चालूसुद्धा करता येत नाही, मॅडम. मी डॉक्टर आहे, मेकॅनिक नाही."

नदाफनं मला तपासायला प्राणवायू मोजणारा माझा चाप स्वतःच्या बोटाला लावला होता. तो घसरला. मी ओरडलो. चाप घसरला की ओरडायचं, हे माझं कामच. पण इतक्या जोरात मी जन्मात ओरडलो नव्हतो. मॅडमनी कान झाकले.

"...तर मी काय सांगत होतो," अंगडी म्हणाले, आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी हात लांब केला. टक टक टक टक.

मी गप्प झालो.

"डॉक्टर," मॅडम हळूच म्हणाल्या, "हात तसाच ठेवा."

नदाफनं दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या. कोड एकच.

अंगडींच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी अगदी जवळून पाहिला. खोटं कशाला सांगू, मला गोड वाटलं. अजून वाटतं. त्यांना निलंबित केल्याचा कागद वॉर्डाच्या दारावर लागला, तेव्हा मी चार नंबरवर परत आलो होतो.

नीलव्वाही आल्या. रेणुका एकदा वॉर्डात येऊन त्यांच्यासमोर नुसतीच उभी राहिली. नीलव्वा म्हणाल्या, "जेवलीस का? बस इथं." दोघींनी एका डब्यातली भाकरी खाल्ली. माझ्याकडे मात्र रेणुकानं पाहिलं नाही. बरोबरच आहे. माझा सूड पुरा झाला, तिची आई काही आली नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमचं माणूस खाटेवर असेल आणि उशाशी माझ्यासारखा कुणी मुका उभा असेल, तर लाजू नका. डॉक्टर कितीही मोठा असो, तोंडावर विचारा: "याचा आवाज कुणी बंद केला?" नाव कळल्याशिवाय तिथून हलू नका. कधी बंद केला, ती वेळ मी सांगेन.