चार दिवस खिशात

मी फळा बोलतोय. शाळेतला काळा नव्हे, पांढरा, मार्करने लिहायचा. कारखान्यातच माझ्या अंगावर बारा चौकोन आखले आणि वर महिन्यांची नावं छापली. त्यामुळे माझं वर्ष कधी संपत नाही. डिसेंबर पुसला की जानेवारी पुन्हा कोरा.

मला मॅडमनी विकत आणलं. झाडांची मुळं कुजवणाऱ्या बुरशीवर त्या संशोधन करत. प्रयोगशाळेत फ्रीज आणि सिंक यांच्या मधल्या भिंतीवर मला टांगलं. तिथलं सगळं अनुदानावर चालायचं, बुरशीच्या काचेच्या बशांपासून हाताखाली संशोधन करणाऱ्या मुलांच्या पगारापर्यंत. अर्जाची शेवटची तारीख वर्षातून तीनदा यायची, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरच्या वीसला. एक अर्ज पाठवून जरा टेकावं, तर दुसरा दारात हजर.

मॅडम तारखा शेवटाकडून मोजत. वीसला अर्ज, म्हणजे सतराला कार्यालयाची सही, म्हणजे बाराला खर्चाचा तक्ता. आणि माझ्यावर लाल मार्करने लिहीत ‘१०’. खरी तारीख मनात ठेवायची, फळ्यावर दहा दिवस आधीची. मुलांना हे पहिल्याच वर्षी कळलं, पण बिचारी कळलं नसल्यासारखं धावत. मॅडमही त्यांना धावू देत.

ही युक्ती त्यांच्या वडिलांची. नाना शिंपी होते. गिऱ्हाइकाला कपडा वीसला हवा असला की कारागिराला सोळा सांगायचे. घरातही तेच. लेकीच्या परीक्षेचा फॉर्म असो की पाहुण्यांची गाडी, नानांची तारीख चार दिवस आधीची. ‘चार दिवस खिशात असू द्यावेत,’ म्हणायचे. हा किस्सा मॅडम दर नव्या विद्यार्थ्याला हसत हसत सांगत. मला तो पाठ झाला होता.

नानांचा फोन दर रविवारी यायचा. मॅडम रविवारीही प्रयोगशाळेतच असत. फोन माझ्या पट्टीवर, पुसणीशेजारी टेकवून त्या हाताने कामं करत आणि तोंडाने बोलत. त्या वर्षी नानांचा आवाज बसलेला होता. विचारलं की म्हणायचे, हवा बदलली. भेटीचं निघालं की मॅडमचं उत्तर ठरलेलं, एवढा अर्ज जाऊ दे. पण अर्ज जायचा आणि पुढचा यायचा. माझ्यावर लाल तारखा पुष्कळ होत्या. घरासाठी ठेवलेला हिरवा मार्कर वाळत चालला होता.

जूनच्या पहिल्या रविवारी नाना म्हणाले, “अठरापर्यंत येऊन जा.”

“वीसला अर्ज आहे हो, नाना. काही विशेष?”

“विशेष काही नाही. जरा बोलायचंय.”

मॅडमनी हिरव्याने लिहिलं, ‘नाना १८’. मग स्वतःशीच हसल्या, पुढे बाण काढला आणि लिहिलं, ‘२२’. नानांचे चार दिवस त्यांनी खिशातून काढून घेतले.

सगळ्यात जास्त मला काय सलतं, तर अर्ज चौदालाच तयार होता. मी डोळ्यांनी पाहिलं. पण दिवस हातात होते, म्हणून मॅडमनी आलेखांचे रंग दोनदा बदलले, एक परिच्छेद वर नेला आणि पुन्हा खाली आणला. वीसला अर्ज पाठवला आणि एकवीसला निघाल्या.

आठवड्याने परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मुलांना त्यांनी थोडक्यात सांगितलं. नानांच्या घशात गाठ होती. एकोणीसला शस्त्रक्रिया करून स्वरयंत्र काढलं. नानांजवळ राहणाऱ्या ताईला त्यांनी शपथ घातली होती, की धाकटीचा अर्ज आहे, तिला यातलं काही कळवायचं नाही. मॅडमना नानांनी फक्त तारीख सांगितली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच खरी.

मग मॅडमनी मला भिंतीवरून उतरवलं. नानांना लिहायला पाटी पुरत नव्हती. गाडीच्या मागच्या सीटवर आडवा पडून मी त्यांच्या घरी गेलो. नानांच्या खाटेसमोर, शिलाई मशीनच्या टेबलावर मला उभं केलं.

नानांच्या गळ्याला पट्टी होती. त्यांनी मार्कर घेतला आणि जानेवारी-फेब्रुवारीवरून मोठ्या अक्षरांत पहिलं लिहिलं, ‘अर्ज गेला का?’

मॅडमनी होकाराची मान हलवली.

मग नानांची नजर जूनकडे गेली. त्यांनी ‘नाना १८’ वाचलं, बाण पाहिला, बावीस पाहिलं. ते हसले. तोंड उघडलं, खांदे हलले, आवाज काही आला नाही. खाली लिहिलं, ‘चूक माझी. सवय मीच लावली.’

मॅडम माझ्यासमोर खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “नाना, काय सांगायचं होतं? आता लिहा ना.”

नानांनी मार्कर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. माझ्या अंगावर त्याचे दोन ठिपके उमटले. मग त्यांनी लिहिलं, ‘ते लिहायचं नव्हतं गं. बोलायचं होतं.’

पुढचे चार महिने नाना माझ्यावर चहा, औषध, खिडकी लावा, असलं काहीबाही लिहीत राहिले, पण त्या ओळीला धक्का न लावता, उरलेल्या जागेत. ऑक्टोबरात ते गेले. मॅडम महिनाभर आधीच येऊन राहिल्या होत्या. त्या फेरीचा अर्ज त्यांनी केलाच नाही. जूनच्या अर्जाला नकार आला होता आणि कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, पुढच्या फेरीत पुन्हा पाठवता येईल.

परवा ताई ओलं फडकं घेऊन आली. मॅडमनी तिचा हात धरला. म्हणून मी अजून इथे, आहे तसाच आहे. बारा महिने अंगावर असून मला आता कसलीच तारीख नाही.

वाचणाऱ्या माणसा, तुला कुणी ‘जरा बोलायचंय’ म्हणालं, तर दिवस मोजत बसू नकोस. आणि कधी या घरी आलास, तर मला पुसू नकोस. शाई सुकली आहे, पण बोट लागलं तरी निघते.