सुळ्यामागचं मागणं

विलिकेसाच्या डोळ्यात त्याच्या थोरल्या भावाचा दात बसवला होता आणि कंदावू बेटावर याचं कुणालाच फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. दात घेतला, पण मागणं ऐकलं नाही.

दात आणि मागणं यांची तिथे ताटातूट होत नाही. सोयरीक जमवायची असो, मारामारीची माफी असो की चार दिवस होडी हवी असो, माणूस देवमाशाचा दात दोन्ही हातांत धरून पुढ्यात बसतो आणि मनातलं सांगतो. समोरच्याने दात हातात घेतला की मागणं मान्य. मान्य नसेल तर दाताला शिवायचं नाही. म्हणून शहाणा माणूस आधी कान पुढे करतो, मग हात.

विलिकेसाने आधी गाल पुढे केला होता.

होडीच्या इंजिनाची बॅटरी तोंडावर फुटली, तेव्हापासून त्याच्यापुढे अंधार. सिडनीत मेलेल्या माणसाचं नेत्रपटल बसवून पाहिलं, दोनदा. दोन्ही वेळा त्याचं दही झालं. मग फेअरली नावाच्या डॉक्टरीणबाईंनी नवाच बेत सांगितला. सुळा मुळासकट काढायचा, तासून त्याची चकती करायची, चकतीला भोक पाडून भिंग बसवायचं, मग ते सगळं प्रकरण काही महिने गालाच्या आत मुरत ठेवायचं आणि त्यावर मांस धरलं की डोळ्यात रोवायचं. विलिकेसाला वाटलं, बाई थट्टा करताहेत. बाईंनी त्याला 'आ' करायला सांगितलं. पुढचे दात रग्बीने नेले होते आणि मागचे गोडाने.

"घरात कुणाचा सुळा धड आहे का?" बाईंनी विचारलं.

थोरल्या भावाचा, एपारामाचा होता. तो विमानाने आला, खुर्चीत बसला आणि सुळा देऊन उठला. विलिकेसाने चाचपडत त्याचा हात धरला आणि विचारलं की दादा, बदल्यात काय मागतोस? एपारामा म्हणाला, घरी गेल्यावर सांगतो, आत्ता तोंड सुन्न आहे.

घरी गेला आणि रविवारी प्रार्थनेत मेला. प्रवचन चालू असताना बसल्या जागी गेला. पाद्रीबाबांना वाटलं, आज पहिल्यांदाच हा पेंगत नाहीये, त्यांनी खुशीत येऊन प्रवचन लांबवलं. त्या वेळी एपारामाचा सुळा मात्र सिडनीत विलिकेसाच्या गालात मजेत मुरत होता.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. डोळा तोंडाच्या आतल्या भागासारखा गुलाबी आणि मधोमध एक काळं भोक. त्यातून बांबूच्या नळीतून दिसावं तसं दिसायचं, पण दिसायचं. नळीत पहिल्यांदा बायको आली, मेरेवाई.

"म्हातारी झालीस," विलिकेसा म्हणाला.

"तू काय नवरदेव राहिलायस?" ती म्हणाली आणि मग दोघंही बराच वेळ रडली. गुलाबी डोळ्याला रडता येत नव्हतं, तेवढं एक सोडून.

गावी परतल्यावर, भर दुपारी, किनाऱ्यावरच्या वाळूत त्याला एपारामा दिसला. मांडी घालून, पाठ ताठ करून, मागणं घेऊन आलेला माणूस बसतो तसा. दोन्ही हात पुढे धरलेले. हात मोकळे. दात तर आधीच पोचला होता.

दुसऱ्या दिवशी तो नीरफणसाच्या मोठ्या झाडाखाली बसलेला होता, मग स्वयंपाकाच्या झोपडीच्या दारात. चालताना कधी दिसला नाही. बसलेलाच असायचा, फक्त दर वेळी जवळ. वरचा ओठ एका बाजूने आत बसलेला. विलिकेसाने मान फिरवली तर नळीत समुद्र यायचा, डोंगर यायचा आणि त्यांच्यापुढे, मांडी न मोडता, एपारामा यायचा.

त्याने सिडनीला फोन केला. बाईंनी समजावलं की वर्षानुवर्षं रिकामा बसलेला मेंदू आपलीच चित्रं काढतो, घाबरू नका. मग विचारलं, चित्र धूसर आहे का? विलिकेसा म्हणाला, नाही, बाकीचं जग धूसर आहे, तोच तेवढा स्वच्छ. बाईंना फार आनंद झाला. म्हणजे भिंग अगदी सरळ बसलं होतं.

आठवडाभरात एपारामा इतका जवळ येऊन बसला की नळी त्याच्या तोंडाने भरून गेली. जेवताना विलिकेसाला उकडलेल्या दालो कंदाचा तुकडा दिसेना, मेरेवाई दिसेना. मिळालेला डोळा हातचा चालला, तेव्हा तो नाफिटालाईकडे गेला. नाफिटालाई गावच्या मुखियाचा बोलका. दुसऱ्यांचे शब्द नीट पोचवणं हे त्याच्या घराण्याचं पिढीजात काम.

त्याला भुताचं काही वाटलं नाही. रीतभात सोडल्याचा मात्र संताप आला.

"मेलेला माणूस येऊन बसलाय, बसू दे," तो म्हणाला. "पण थोरल्या भावाला इतके दिवस हात पुढे धरून ताटकळत ठेवलंस? तुला कुणी वळण लावलं की नाही?"

त्याने दोनच वाटा सांगितल्या. दात परत करायचा, नाहीतर मागणं ऐकायचं. आणि दात घेऊन झालेला असल्याने मागणं ऐकणं म्हणजे देणंच.

मेरेवाई म्हणाली, परत कर. इतकी वर्षं मला बघितल्यावाचून तुझं काही अडलं नाही, पुढेही अडणार नाही. तिचा आवाज चिडका होता, पण तिने त्याची बाही घट्ट धरली होती.

"मी परत त्या अंधारात जाणार नाही," विलिकेसा म्हणाला. "दादा मागून मागून काय मागेल? वहिनीच्या घराला छप्पर मागेल. होडी मागेल. देऊन टाकू."

रविवारी जेवणं झाल्यावर चटया अंथरल्या. यंगोनाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाचं, मोठं लाकडी पातेलं मधे ठेवलं. एपारामाची विधवा, साइनियाना, दाराशी येऊन बसली. विलिकेसासमोरची चटई रिकामी सोडली होती, निदान बाकीच्यांच्या हिशेबाने. नाफिटालाईने ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या, उशीर झाल्याबद्दल घराण्याच्या वतीने माफी मागितली आणि रिकाम्या चटईला म्हणाला, "बोल एपारामा. तुझा दात पोचलाय."

नळीतले ओठ हलले. पण आवाज समोरून आला नाही. तो विलिकेसाच्या गालातून आला, जिथे सुळा मुरला होता तिथून.

"काय म्हणतोय?" नाफिटालाईने विचारलं.

"म्हणतोय, जरा सरक."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं की एवढ्यासाठी बिचारा किनाऱ्यापासून बसत बसत आला होय. एक म्हातारा हसून हसून खोकायला लागला.

"मग सरक की," नाफिटालाई म्हणाला.

मेरेवाई नको म्हणेपर्यंत विलिकेसा चटईवर वीतभर सरकला होता.

नळी विझली. जुना अंधार त्याच्या ओळखीचा होता, हा तो नव्हता. खिडकी होती, खिडकीत ऊनही असावं, फक्त खिडकीशी दुसरंच कुणी बसलं होतं. त्याला ओरडायचं होतं, पण तोंड कामात होतं. त्याच्या तोंडाने यंगोना मागितला, एका दमात संपवला आणि चव चांगली आहे असं सांगितलं.

मग त्याचे पाय उठले. कुणाचा हात न धरता ते माणसांमधून, यंगोना भरलेल्या करवंट्यांमधून चालत गेले आणि एकही करवंटी कलंडली नाही. लोक म्हणाले, वा. सिडनीच्या बाईंच्या हाताला यश आहे.

पाय बाहेर पडले. नीरफणसाच्या पानांची सळसळ डाव्या कानाशी आली, तेव्हा त्याला कळलं की आपल्या घराकडचं वळण मागे राहिलं. पुढे साइनियानाची पावलं वाजत होती. ती आपल्या घरी चालली होती आणि मागे वळून पाहायला ती अजून थांबली नव्हती.

"विलिकेसा," मागून मेरेवाईने हाक मारली. पाय चालत राहिले. तिने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. पाय चालत राहिले.

मग ती थांबली असावी. आणि मग, सुनेने मोठ्या दिराला हाक मारावी तशा खालच्या आवाजात, ती म्हणाली, "भाऊजी."

पाय थांबले. मान वळली. वळलेली विलिकेसाला जाणवली, दिसलं काहीच नाही.

"काय गं?" त्याचं तोंड म्हणालं.